आधी माणूस आणा

हिंजवडीहून कोथरूडला घरी यायला मला रोज दीड तास लागतो. पूर्वी या वेळात नुसती चिडचिड करायचो, आता पॉडकास्ट ऐकतो. गेल्या महिन्यात 'सिरियल' या अमेरिकन पॉडकास्टचा दुसरा सीझन ऐकायला घेतला. तसा जुनाच आहे, २०१५-१६ चा. विषय : बो बर्गडाल. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं, पण धड काही आठवत नव्हतं. आठवडाभरात सगळे भाग संपले आणि मग नेहमीप्रमाणे मी त्या विषयात वाहवत गेलो. कोर्टाचे निकाल, चौकशीतल्या साक्षी, जुन्या बातम्या, जे मिळेल ते वाचत सुटलो. दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. ते डोक्यातून बाहेर काढायचं म्हणून हे लिहितोय.

तर गोष्ट अशी.

३० जून २००९. अफगाणिस्तानातला पक्तिका प्रांत. मेस्त नावाच्या एका ओसाड ठिकाणी अमेरिकन सैन्याची छोटीशी चौकी. पहाटे हजेरी घेताना लक्षात आलं की एक जण कमी आहे. तेवीस वर्षांचा बो बर्गडाल, सैन्यातल्या अगदी खालच्या हुद्द्यांपैकी एकावरचा शिपाई. त्याची बंदूक जागेवर होती, तो नव्हता. रात्रीच्या अंधारात तो आपल्या पायांनी चौकीबाहेर चालत गेला होता.

का गेला? त्याने पुढे दिलेलं उत्तर ऐकून मी गाडीत एकटाच 'काय?' म्हणून ओरडलो होतो. त्याला वाटत होतं की वरचे अधिकारी बेजबाबदार आहेत आणि आपल्या तुकडीचा जीव धोक्यात घालताहेत. पण शिपायाचं कोण ऐकणार? म्हणून त्याने बेत केला, आपण गायब व्हायचं. सैनिक हरवला की मोठ्ठा अलार्म वाजतो, अगदी वरपर्यंत. मग वीसेक मैलांवरच्या मोठ्या तळावर अचानक हजर व्हायचं आणि समोर येईल त्या जनरलला सगळं सांगायचं. थोडक्यात, तिकीट टाकून कोणी बघत नाही म्हणून थेट प्रॉडक्शन सर्व्हर बंद पाडायचा. काही तासांतच तो तालिबानच्या हाती लागला. पुढची जवळजवळ पाच वर्षं हक्कानी गटाने त्याला सरहद्दीपलीकडे पाकिस्तानात डांबून ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, असला माणूस सैन्यात घेतलाच कसा? रास्त प्रश्न आहे. २००६ मध्ये तो अमेरिकन कोस्ट गार्डमध्ये भरती झाला होता आणि प्रशिक्षणातच मानसिक कारणांवरून त्याला घरी पाठवलं होतं. तरी २००८ मध्ये लष्कराने त्याला घेतलं, नियमात सूट देऊन. इराक आणि अफगाणिस्तान अशी दोन युद्धं एकदम चालू होती, माणसं कमी पडत होती आणि त्या काळात लष्कर अशा सवलती सढळ हाताने देत होतं. जे युद्ध लोकांना नकोसं झालंय त्यासाठी रांगा लावून माणसं येत नाहीत. मग चाळणीची भोकं मोठी करावी लागतात. बर्गडालची गोष्ट त्या रात्री सुरू झाली असं सगळे धरून चालतात, मला वाटतं ती भरती केंद्रातच सुरू झाली होती.

जुलै २००९ मध्ये तालिबानने त्याचा पहिला व्हिडिओ सोडला. त्याच आठवड्यात फॉक्स न्यूजवर राल्फ पीटर्स नावाचे निवृत्त लेफ्टनंट कर्नल म्हणाले की हा खरंच पळून गेला असेल तर तालिबान आपला कोर्टकचेरीचा खर्च वाचवू शकेल. म्हणजे काय ते समजून घ्या. माणूस शत्रूच्या कैदेत, जिवंत आहे एवढंच कळलंय, आणि स्वतःच्याच देशातला माजी अधिकारी टीव्हीवर हे बोलतोय. सैन्यात सेवा केलेल्या काही खासदारांनी तेव्हा माफीची मागणी केली होती. दुसरीकडे आयडाहो राज्यातल्या हेली या त्याच्या गावात (वस्ती आठ हजारांच्या आसपास) झाडांना पिवळ्या फिती बांधल्या गेल्या. तो परत येईपर्यंत फिती काढायच्या नाहीत असं गावाने ठरवलं. पहिल्याच महिन्यात त्याच्या दोन प्रतिमा तयार झाल्या, एक पळपुट्याची आणि एक गावच्या हरवलेल्या लेकराची. तो स्वतः कुठल्या तरी कोठडीत होता आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हे सगळं अमेरिकेत आधी एकदा घडून गेलं होतं. व्हिएतनाममध्ये.

तिथे सुरुवातीला, म्हणजे अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात, सरकारचं धोरण होतं गप्प बसण्याचं. वैमानिकांच्या बायकांना सांगितलं जायचं की वाच्यता करू नका, त्याने तुमच्या नवऱ्याचेच हाल होतील. हाल तसेही चालूच होते. १९६६ मध्ये जेरेमाया डेंटन या कैदी वैमानिकाला उत्तर व्हिएतनामने टीव्ही कॅमेऱ्यासमोर बसवलं, तेव्हा त्याने डोळ्यांची उघडझाप करत मोर्स कोडमध्ये 'छळ' हा शब्द पाठवला होता. शेवटी बायकांनीच गप्प बसायला नकार दिला. सिबिल स्टॉकडेल या वैमानिकाच्या पत्नीने पुढाकार घेऊन कुटुंबांची संघटना उभी केली. तोवर निक्सन अध्यक्ष झाले होते आणि मे १९६९ मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्याने, मेल्विन लेअर्ड यांनी, हा प्रश्न जाहीरपणे मांडायचं ठरवलं.

आणि मग चित्रच पालटलं. कैद्याचं नाव कोरलेली धातूची कडी विकायला आली, १९७० पासून. जवळपास पन्नास लाख कडी खपली. कॉलेजची मुलं, सिनेमातले तारे, सगळे घालायचे. त्यातले कितीतरी जण युद्धाच्या विरोधातले होते. युद्ध कोणालाच नको होतं, पण कैदी सगळ्यांना हवे होते. निक्सन यांना हे बरोबर कळलं. आपण व्हिएतनाममध्ये का आहोत, या प्रश्नाचं धड उत्तर कोणाकडे उरलं नव्हतं. आता एक सापडलं, आपली माणसं सोडवायला. १९७१ मध्ये त्यांनी सांगितलं की कैदी सुटेपर्यंत काही सैन्य तिथे राहीलच. आता गंमत बघा. माणसं कैदेत पडली युद्धामुळे, आणि युद्ध चालू ठेवायचं कारण काय, तर कैदेतली माणसं. आमच्या भाषेत याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात, आणि असा कोड कंपाइलरच उडवून लावतो. राजकारणात मात्र तो छान चालतो.

१९७३ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ५९१ कैदी परतले. २४ मे रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर तंबू ठोकून त्यांना जेवण दिलं गेलं. व्हाइट हाउसमध्ये एवढी मोठी पंगत आधी कधी बसली नव्हती. वॉटरगेटची सुनावणी त्याच महिन्यात सुरू झाली होती, त्यामुळे निक्सन यांनाही या पंगतीची गरज होतीच. सगळ्यांना ती पंगत आठवते. पण त्याच महिन्याच्या अखेरीस परतलेल्यांपैकी आठ जणांवर, आठही साधे शिपाई, कैदेत शत्रूशी सहकार्य केल्याचे आरोप ठेवले गेले. आरोप ठेवणारा त्यांच्याच तुरुंगातला वरिष्ठ कैदी अधिकारी होता. जूनच्या अखेरीस त्या आठांतल्या एकाने आत्महत्या केली. जुलैच्या सुरुवातीला सरकारने आरोप मागे घेतले. या आठांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, कारण ती कड्यांवरच्या नावांच्या चित्रात बसत नाही.

हे विषयांतर नाही बरं का. बर्गडाल परत आला तेव्हा सरकारला वाटलं पंगत बसेल, आणि झालं ते त्या आठांसारखं.

पुन्हा आपल्या मूळ गोष्टीकडे. २००९ मध्ये ओबामा यांनी अफगाणिस्तानात फौज वाढवली, आकडा लाखाच्या घरात नेला. लोकांचा उत्साह मात्र उतरतच गेला. डिसेंबर २०१३ मधल्या सीएनएनच्या पाहणीत या युद्धाला पाठिंबा देणारे अमेरिकन उरले होते १७ टक्के. एवढा वाईट आकडा व्हिएतनामच्याही वाट्याला आला नव्हता. बाहेर पडायचं तर तालिबानशी बोलायला हवं, आणि बोलायचं तर सुरुवात कैद्यांपासून. तालिबानची मागणी होती ग्वांतानामोतले आपले पाच नेते. २०१२ च्या मार्चमध्ये ही बोलणी एकदा फिसकटली. वॉशिंग्टनमध्ये बऱ्याच जणांचा या अदलाबदलीला विरोध होता आणि बर्गडाल कसा हरवला हेही आतल्या गोटात माहीत होतं.

या सगळ्या वर्षांत त्याच्यावर काय बेतत होतं? त्याने अनेकदा पळून जायचा प्रयत्न केला. एकदा तर आठेक दिवस तो डोंगरात लपूनछपून फिरत होता, पुन्हा पकडला गेला. मग त्याला लोखंडी पिंजऱ्यात ठेवलं. २०१५ मध्ये सुनावणीत लष्कराच्याच तज्ज्ञाने साक्ष दिली की व्हिएतनामनंतर कोणत्याही अमेरिकन कैद्याला इतक्या वाईट वागणुकीला तोंड द्यावं लागलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे लष्कराच्या नियमाप्रमाणे कैदेत असतानाच त्याला दोन बढत्या मिळून तो सार्जंट झाला होता!

त्याचे वडील बॉब बर्गडाल कुरिअर कंपनीची गाडी चालवायचे. मुलाला धरून ठेवणाऱ्यांची भाषा कळावी म्हणून हा माणूस आयडाहोत बसून पश्तू शिकला. मुलगा कैदेत आहे तोवर दाढी करायची नाही असं ठरवलं. २०११ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ करून थेट पाकिस्तानी लष्कराला आणि मुलाला धरून ठेवणाऱ्यांना विनवणी केली. आपल्याकडे नवस फेडेपर्यंत केस न कापणारी माणसं असतात, त्यामुळे मला ती दाढी लगेच समजली. अमेरिकेला पुढे ती समजली नाही.

३१ मे २०१४. पूर्व अफगाणिस्तानातलं खोस्त. तालिबानची माणसं एक पिकअप ट्रक घेऊन उभी. अमेरिकन ब्लॅक हॉक उतरलं, मिनिटभरात हातात हात मिळवून माणूस ताब्यात आणि हेलिकॉप्टर वर. आवाजामुळे काही ऐकू येत नव्हतं, म्हणून बर्गडालने एका कागदी प्लेटवर लिहून विचारलं, 'एसएफ?' म्हणजे तुम्ही स्पेशल फोर्सेसवाले का? एकाने ओरडून सांगितलं, हो, आम्ही तुला केव्हापासून शोधतोय. तो रडायला लागला.

इथवर सगळं ठीक होतं. त्याच दिवशी ओबामा व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये आले, एका बाजूला आई, एका बाजूला दाढीवाले वडील. चारच दिवस आधी त्याच बागेत उभं राहून त्यांनी अफगाणिस्तानातली फौज वर्षअखेरीस ९,८०० वर आणणार असं जाहीर केलं होतं. म्हणजे युद्ध संपत आलंय आणि शेवटचा कैदीही घरी येतोय. चित्र एकदम १९७३ चं. वडिलांनी मुलाला ऐकवण्यासाठी दोन वाक्यं अरबी-पश्तूत म्हटली, कारण त्याचं इंग्लिश तुटलं असेल अशी त्यांना भीती होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सुझन राइस यांनी टीव्हीवर सांगून टाकलं की बर्गडालने सन्मानाने सेवा बजावली.

हे एक वाक्य फार महाग पडलं. त्याच्या तुकडीतले जवान पुढे आले आणि म्हणाले, कसला सन्मान? आम्ही त्याच्या शोधात दिवसचे दिवस उन्हात, सुरुंगांत फिरलोय. आणि ते खोटं बोलत नव्हते. शोधमोहिमांत माणसं जखमी झाली होती. एका सार्जंटच्या डोक्यात गोळी लागली, त्याची वाचा गेली, चालणं गेलं, दहा वर्षांनी २०१९ मध्ये तो वारला. एका सील कमांडोचा पाय कायमचा निकामी झाला. मेल्याचे आकडे टीव्हीवर जे फिरले त्यांना मात्र नंतरच्या चौकशीत पुरावा मिळाला नाही. पण तोवर कोण थांबतंय?

वारं फिरलं. स्वागताची ट्वीट केलेल्या काही नेत्यांनी ती डिलीट केली. सेनेटर जॉन मॅककेन स्वतः साडेपाच वर्षं व्हिएतनाममध्ये कैदी होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी टीव्हीवर सांगितलं होतं की अदलाबदलीचा तपशील बघून आपण पाठिंबा देऊ शकू. जूनमध्ये ते या सौद्याच्या टीकाकारांत पुढे होते. हेली गावाने २८ जूनला ठरवलेला स्वागतसोहळा रद्द केला, कारण देशभरातून येणारे फोन आणि धमक्या गावाला झेपेनात. आणि वडिलांच्या दाढीवर टीव्हीवरची तज्ज्ञ मंडळी बोलू लागली, हा बाप मुसलमानांसारखा का दिसतो म्हणून!

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. ग्वांतानामोतून कोणालाही हलवायचं तर संसदेला तीस दिवस आधी कळवा असा कायदा होता, आणि ओबामा यांनीच त्यावर सही केली होती. सरकारने कळवलं नाही. त्याची तब्येत खालावली होती, बातमी फुटली असती तर त्याला मारलं असतं, असं सरकारचं म्हणणं. ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने निकाल दिला की कायदा मोडला, आणि या कामावर केलेला जवळपास दहा लाख डॉलरचा खर्चही बेकायदा होता. माणूस परत आणणं बरोबर आणि आणण्याची पद्धत चूक, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण टीव्हीवरच्या चर्चेत दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असून चालत नाही.

त्या गदारोळात मला एकच माणूस शुद्धीवर वाटला. जनरल मार्टिन डेम्प्सी, सैन्यदलांचे प्रमुख. जून २०१४ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी फेसबुकवर लिहिलं, त्याचा मथितार्थ असा : या सैनिकाचं वागणं हा एक प्रश्न आहे आणि कैदेतला कोणताही अमेरिकन सैनिक परत आणणं हा वेगळा. आरोप असतील तर चौकशी होईल, तोवर तो निर्दोष.

आयटीतल्या लोकांना हे लगेच कळेल. रात्री दोन वाजता सिस्टीम पडते तेव्हा आपण काय करतो? आधी सिस्टीम उभी करतो. कोणी काय डिप्लॉय केलं, कोणाची चूक, हे सकाळी. आरसीए नंतर. ज्या टीममध्ये आधी 'कोणी केलं?' विचारतात तिथे सिस्टीम उशिरा उभी राहते, आणि पुढच्या वेळी कोणी चूक कबूलही करत नाही. मी दोन्ही प्रकारच्या टीममध्ये काम केलंय, त्यामुळे छातीठोकपणे सांगतो.

चौकशी झाली. मेजर जनरल केनेथ डाल यांनी ती केली आणि नंतर साक्षीत सांगितलं की याला तुरुंगात टाकणं योग्य होणार नाही. २०१५ मध्ये लष्कराने त्याच्यावर पलायनाचा आणि शत्रूसमोर गैरवर्तनाचा आरोप ठेवला. दुसऱ्या आरोपाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. आणि तेवढ्यात निवडणूक आली. डोनाल्ड ट्रम्प सभांतून त्याला 'घाणेरडा, कुजका गद्दार' म्हणत आणि पूर्वी असल्यांना गोळी घालायचे हे हातवारे करून दाखवत. मॅककेन यांनीही सांगितलं की शिक्षा झाली नाही तर सेनेटच्या समितीत सुनावणी घेऊ. खटला उभा राहायच्या आधीच!

ऑक्टोबर २०१७ मध्ये बर्गडालने दोन्ही गुन्हे कबूल केले. त्याच दिवशी पत्रकारांनी ट्रम्प यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की माझं पूर्वीचं बोलणं लोकांनी ऐकलेलंच आहे. आता ते अध्यक्ष होते, म्हणजे सैन्याचे सर्वोच्च प्रमुख. लष्करी न्यायाधीश कर्नल जेफरी नान्स यांनी ठरवलं की शिक्षा देताना हे बोलणं आरोपीच्या बाजूने धरायचं. ३ नोव्हेंबरला शिक्षा झाली, अप्रतिष्ठित बडतर्फी, हुद्दा परत शिपायाचा, दहा महिने दरमहा हजार डॉलर दंड. तुरुंगवास नाही. ट्रम्प यांनी ट्वीट करून हा निकाल देशाला लाजिरवाणा आहे म्हटलं. पण ती शिक्षा सौम्य होण्यात त्यांच्याच भाषणांचा हातभार होता. पुढे जुलै २०२३ मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने हा निकालच रद्द ठरवला, कारण खटला चालू असताना नान्स यांनी ट्रम्प सरकारच्याच न्याय खात्यात नोकरीसाठी अर्ज केला होता आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे त्याची चूक धडपणे तपासून एकदाचा निकाल लावणंही राजकारणाने शक्य ठेवलं नाही. त्या जखमी सार्जंटच्या घरच्यांना न्याय मिळाला का? बर्गडालला मिळाला का? मला तरी दोन्हीचं उत्तर नाही असंच वाटतं.

आणि ते पाच? ज्यांच्यासाठी एवढा गहजब झाला ते पुढे दोह्यात तालिबानच्या कचेरीत बसले आणि अमेरिकेशी वाटाघाटी करणाऱ्यांत होते. २९ फेब्रुवारी २०२० ला ट्रम्प सरकारने तालिबानशी करार केला. त्यात अफगाण सरकारच्या तुरुंगांतले पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडायचं कबूल केलं होतं. पाचांवरून देश पेटला होता, पाच हजारांवर तेवढी चर्चाही झाली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं आणि त्या पाचांतले खैरुल्ला खैरख्वा नव्या सरकारात माहिती खात्याचे मंत्री झाले, अब्दुल हक वासिक गुप्तहेर खात्याचे प्रमुख. टीकाकार म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. पण वीस वर्षांचं युद्ध या पाच जणांमुळे हरलं असं कोणी गंभीरपणे म्हणेल का?

मला वाटतं खरी मेख इथेच आहे. नको झालेल्या युद्धात 'आपण तिथे का गेलो, काय मिळवलं' हा प्रश्न कोणत्याच पक्षाला परवडत नाही, कारण दोघांनीही ते युद्ध चालवलेलं असतं. अशा वेळी एक कैदी सापडतो. मग तो हीरो की गद्दार यावर पाहिजे तेवढं भांडता येतं. निक्सन यांच्या हाती हीरो लागले, ओबामा यांनी हीरो करायचा प्रयत्न केला, ट्रम्प यांनी गद्दार वापरला. तेवीस वर्षांच्या त्या गोंधळलेल्या पोराचा, जो धड हीरो नव्हता आणि शत्रूला जाऊन मिळालेला गद्दारही नव्हता, कोणालाच उपयोग नव्हता.

हे लिहिताना मला सारखा चंदू चव्हाण आठवत होता. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचा जवान. २९ सप्टेंबर २०१६ ला, सर्जिकल स्ट्राइकच्या त्याच दिवशी, तो नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या हाती सापडला. त्याची आजी बातमीच्या धक्क्याने गेली. २१ जानेवारी २०१७ ला तो वाघा सीमेवरून परत आला आणि पुढे कोर्ट मार्शलमध्ये त्याला शिक्षाही झाली. आमच्या कॉलेजच्या मेसमध्ये तेव्हा यावर जोरात वाद झाला होता. 'स्वतःहून गेला असेल तर कशाला आणायचा?' असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. एकोणीस वर्षांचा होतो, समोर पोहे होते, बोलायला काय जातंय.

या गणपतीत साताऱ्याकडे मामाच्या गावी गेलो होतो. माझा मावसभाऊ फौजेत हवालदार आहे, सुट्टीवर आला होता. त्याला बर्गडालची सगळी गोष्ट सांगितली. तो शांतपणे तंबाखू मळत ऐकत होता.

"दादा, असा माणूस तुझ्या पलटणीत असता तर?"

"पहिली दोन थोबाडीत दिली असती."

"ते नाही रे. त्याला सोडवायला जायचं की नाही?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलंय. "आरं, जायचं का नाही हे काय विचारायचं असतं व्हय? आधी माणूस आणायचा. मग कोर्टात उभा करा, काय शिक्षा द्यायची ती द्या. पर आपल्या कोर्टात." थोडं थांबून म्हणाला, "उद्या मी पोस्टवर बसलोय आणि मागं कोन तरी हिशोब करतंय, ह्याला आणायचा का सोडायचा, तर मी तिथं बसू कसा?"

मामी जेवायला बोलवायला आली, विषय तिथेच राहिला.

मेसमधलं ते पोह्यांपुढचं वाक्य मात्र मी तेवढं मागे घेतो. दहा वर्षं उशिरा का होईना. असो. उद्या सोमवार, पुन्हा हिंजवडी.